पहिला संशोधन प्रकल्प करताना: विश्वसनीयता आणि वैधता

मानसशास्त्राच्या पहिल्या प्रकल्प-अहवालात एक वाक्य हमखास सापडतं: ‘वापरलेली मापनी विश्वसनीय आणि वैध आहे.’ शेजारी एक आकडा, बहुधा ०.७० च्या वरचा, आणि विषय संपतो. या एका वाक्यात दोन स्वतंत्र दावे आहेत. त्यांना वेगवेगळा पुरावा लागतो, आणि दुसरा दावा त्या आकड्याने सिद्ध होतच नाही. ते वाक्य जबाबदारीने लिहिता यावं म्हणून काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी दोन्ही शब्दांचा अर्थ. विश्वसनीयता म्हणजे मोजमापातलं सातत्य: तीच गोष्ट पुन्हा मोजली, दुसऱ्याने मोजली किंवा तशाच दुसऱ्या प्रश्नांनी मोजली, तर आकडा कितपत तोच येतो. वैधता (काही पाठ्यपुस्तकांत ‘सप्रमाणता’) म्हणजे त्या आकड्याचा आपण जो अर्थ लावतो त्याला असलेला आधार. पहिली गोष्ट असून दुसरी नसणं सहज शक्य आहे. फ्रान्झ योसेफ गाल यांच्या मांडणीतून पुढे आलेली फ्रेनॉलॉजी एकोणिसाव्या शतकात कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव सांगत असे. कवटीचं माप काळजीपूर्वक घेतलं तर दोन जणांचे आकडे छान जुळतील. त्या आकड्यांवरून काढलेला स्वभाव मात्र निराधार होता. मोजमापात खोट नव्हती, अर्थ लावण्यात होती.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण धरू. तुम्हाला विद्यार्थ्यांमधली परीक्षेची चिंता मोजायची आहे. दहा विधानं आहेत आणि प्रत्येकाला ‘अजिबात लागू नाही’ ते ‘पूर्णपणे लागू’ असे १ ते ५ गुण आहेत.

पायरी १: तुम्हाला काय म्हणायचं आहे ते आधी लिहा

प्रश्नावली शोधण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: ‘या गुणांवरून मी असं म्हणणार आहे की...’

त्याच दहा विधानांवरून तुम्ही म्हणू शकता की एका गटाची सरासरी चिंता दुसऱ्यापेक्षा जास्त आहे. किंवा म्हणू शकता की या विशिष्ट विद्यार्थ्याला समुपदेशनाची गरज आहे. किंवा असंही की चिंतेमुळे परीक्षेतले गुण कमी पडतात. हे तीन दावे एका पातळीवरचे नाहीत. पहिल्यासाठी साधारण बरी मापनी चालून जाते. दुसऱ्यात एका माणसाबद्दलचा निर्णय आहे, त्यामुळे तिथे मापनात फार कमी चूक परवडते. तिसऱ्यासाठी मापनी कितीही उत्तम असली तरी नुसती प्रश्नावली भरून घेऊन भागत नाही, अभ्यासाची रचनाच वेगळी लागते.

सॅम्युअल मेसिक यांनी १९८९ मध्ये वैधतेची जी एकसंध मांडणी केली तिचा गाभा हाच आहे. अमेरिकेतल्या तीन व्यावसायिक संघटना मिळून शैक्षणिक आणि मानसशास्त्रीय चाचण्यांसाठी मानदंड प्रसिद्ध करतात. त्यांच्या २०१४ च्या आवृत्तीतही वैधता चाचणीला चिकटवलेली नाही. चाचणीच्या गुणांचा ठरावीक उपयोगासाठी जो अर्थ लावला जातो, त्या अर्थाची ती वैधता आहे. म्हणून ‘ही चाचणी वैध आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणासाठी, कशासाठी, हे सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर माझ्या मते ते हेच.

पायरी २: संकल्पनेच्या सीमा आखा

परीक्षेची चिंता म्हणजे नक्की काय? लीबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७ मध्ये तिचे दोन घटक वेगळे केले: एक, डोक्यात घोळणारी काळजी (‘नापास झालो तर?’) आणि दुसरा, शरीरात जाणवणारी भावनिक खळबळ (छातीत धडधड, हाताला घाम). तुमच्या दहापैकी नऊ विधानं धडधड आणि घामाबद्दलची असतील, तर निम्मी संकल्पना बाहेरच राहिली. उलट ‘मला अभ्यासाचा कंटाळा येतो’ असं विधान आत शिरलं असेल, तर चिंतेत भलतंच काही मिसळलं. संकल्पनेचा भाग सुटणं आणि परकं काही आत येणं, वैधतेला धोका मुख्यतः या दोन बाजूंनी असतो.

हा तपास म्हणजे आशय वैधता. विषय जाणणाऱ्या काही लोकांना प्रत्येक विधान आवश्यक वाटतं का, हे विचारा. लॉशी यांनी १९७५ मध्ये यासाठी सोपं गुणोत्तर दिलं: ‘आवश्यक’ म्हणणाऱ्यांच्या संख्येतून एकूण तज्ज्ञांच्या निम्मी संख्या वजा करायची आणि त्या निम्म्या संख्येने भागायचं. दहापैकी नऊ जणांनी आवश्यक म्हटलं तर (९ − ५) ÷ ५ = ०.८०. पाचच जणांनी म्हटलं तर शून्य.

दर्शनी वैधता, म्हणजे प्रश्नावली वरवर पाहता योग्य वाटणं, हा पुरावा म्हणून फार कच्चा आहे. उत्तर देणाऱ्याचा सहकार मिळायला तिचा उपयोग होतो, एवढंच.

तज्ज्ञांपेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट, आणि नवखे संशोधक नेमकी तीच गाळतात. ज्यांच्यावर मापनी वापरणार आहात अशा चार-सहा जणांना शेजारी बसवा आणि विधानं वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. ‘परीक्षेआधी मला झोप लागत नाही आणि भूक मंदावते’ या विधानावर कुणीतरी अडखळेल, कारण त्याला झोप लागते पण भूक मंदावते. एका विधानात दोन प्रश्न कोंबले आहेत, हे तुम्हाला तिथेच कळेल. मापनी दुसऱ्या भाषेतून घेतली असेल तर हे संभाषण टाळूच नका. भाषांतर, मग दुसऱ्या व्यक्तीकडून मूळ भाषेत उलट-भाषांतर आणि दोन्हींची तुलना, ही ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखनापासून रूढ झालेली पद्धत शब्दांचा अर्थ जपते. पण वाक्य बोलीत नैसर्गिक वाटतं का, हे ती सांगत नाही. ते माणसंच सांगतात.

पायरी ३: कोणती चूक मोजायची ते ठरवून विश्वसनीयता तपासा

अभिजात चाचणी सिद्धांतात मिळालेला गुण म्हणजे खरा गुण अधिक चूक. ही चूक यादृच्छिक असते: कधी वर, कधी खाली. पण ती कुठून येते यानुसार विश्वसनीयतेचे प्रकार पडतात, आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

काळामुळे येणारी चूक पाहायची तर पुनर्चाचणी: त्याच लोकांना काही दिवसांनी तीच मापनी द्या आणि दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध काढा (दोन मोजमापं किती एकत्र बदलतात ते सांगणारा आकडा; ० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). अंतर फार कमी असेल तर लोक आधीची उत्तरं आठवून देतात. फार जास्त असेल तर माणूसच बदललेला असू शकतो. शिवाय मधे परीक्षा होऊन गेली, तर कमी झालेली चिंता ही खरी घट आहे. ती मापनातली चूक समजू नका.

निरीक्षकांमुळे येणारी चूक पाहायची तर दोघांनी स्वतंत्रपणे नोंदी करायच्या. इथे नुसती सहमतीची टक्केवारी फसवते. समजा दोघांनी १०० चित्रफिती पाहून प्रत्येकीतला विद्यार्थी ‘अस्वस्थ’ की ‘अस्वस्थ नाही’ हे नोंदवलं. ५ वेळा दोघंही ‘अस्वस्थ’ म्हणाले, ८५ वेळा दोघंही ‘नाही’ म्हणाले, १० वेळा मतभेद झाला आणि दोघांपैकी प्रत्येकाने एकूण १० वेळा ‘अस्वस्थ’ म्हटलं. सहमती ९० टक्के, ऐकायला उत्तम. पण दोघांनी डोळे मिटून याच प्रमाणात शिक्के मारले असते तरी ८२ टक्के सहमती आली असती (०.१० × ०.१० अधिक ०.९० × ०.९०). जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा हा योगायोग वजा करतो: (९० − ८२) ÷ (१०० − ८२) = ०.४४. नव्वद टक्क्यांचा रुबाब उतरतो. नोंद वर्गांत नसून गुणांत असेल, तर कप्पाऐवजी वर्गांतर्गत सहसंबंध गुणांक वापरतात.

तिसरी चूक विधानांमुळे येते. विधानं एकमेकांशी जुळतात का, ही अंतर्गत सुसंगती. मापनीचे दोन अर्धे करून त्यांचा सहसंबंध काढणं ही जुनी पद्धत. अर्धी मापनी छोटी असल्यामुळे स्पिअरमन-ब्राऊन सूत्राने दुरुस्ती करावी लागते; अर्ध्यांचा सहसंबंध ०.६० असेल तर पूर्ण मापनीसाठी ०.७५ येतो. कूडर आणि रिचर्डसन यांनी १९३७ मध्ये बरोबर-चूक प्रकारच्या प्रश्नांसाठी सूत्र दिलं. लुई गटमन यांच्या १९४५ च्या लेखात आणि ली क्रॉनबाख यांच्या १९५१ च्या लेखात त्याचं व्यापक रूप आलं. तेच आजचं अल्फा.

अल्फाबद्दल थोडं थांबून

एका कळीवर मिळतो म्हणून अल्फा सगळीकडे दिसतो, आणि त्याच्यावर त्याला न पेलणारं ओझं टाकलं जातं. विधानांमधला सरासरी सहसंबंध फक्त ०.२० आहे असं धरा. पाच विधानं असतील तर प्रमाणित अल्फा ०.५६ येतो. तशीच वीस विधानं घातली तर ०.८३. विधानांची एकमेकांशी जवळीक तसूभरही वाढलेली नाही, फक्त संख्या वाढली. म्हणून अल्फा मोठा आला यावरून मापनी एकच गोष्ट मोजते असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी घटक विश्लेषण, म्हणजे विधानं किती गटांत एकत्र पडतात ते पाहणारी सांख्यिकी पद्धत, लागतं. उलट ०.९५ च्या वरचा अल्फा पाहिला की मी आधी विधानं वाचतो, कारण बऱ्याचदा तिथे एकच वाक्य शब्द फिरवून पाच वेळा विचारलेलं असतं.

०.७० ची रेषा जम नन्नली यांच्या १९७८ च्या पुस्तकाच्या नावावर सांगितली जाते. त्यांनी ती संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यापुरती सांगितली होती. व्यक्तीबद्दल महत्त्वाचे निर्णय घ्यायचे तिथे ०.९० हे त्यांच्या मते किमान होतं आणि ०.९५ इष्ट. खुद्द क्रॉनबाख यांनीही, त्यांच्या मृत्यूनंतर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात, बहुतेक माहितीसाठी अल्फा हा सर्वात योग्य मार्ग आहे असं आपल्याला आता वाटत नाही, असं लिहून ठेवलं. सगळी विधानं संकल्पनेशी सारख्याच बळाने जोडलेली नसतील तर मॅकडोनाल्ड यांचा ओमेगा हा विश्वसनीयतेचा दुसरा गुणांक जास्त योग्य ठरतो, आणि तो आता मोफत सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्येही मिळतो.

अल्फा अनपेक्षितपणे कमी किंवा ऋण आला तर घाबरण्याआधी उलट गुणांकनाची विधानं तपासा. ‘परीक्षेत मी शांत असतो’ या विधानाचे गुण उलटे करायचे राहिले, तर एवढ्यानेच सगळं गणित बिघडतं. त्यानंतर प्रत्येक विधानाचा उरलेल्या बेरजेशी सहसंबंध पाहा. कमकुवत विधान सापडलं तरी ते काढण्याआधी पायरी २ कडे परत जा: ते काढल्याने संकल्पनेचा एखादा कोपरा रिकामा होतो का? आकडा सुधारण्यासाठी आशय गमावणं हा वाईट सौदा आहे.

पायरी ४: मापनातल्या चुकीची किंमत आकड्यात पाहा

विश्वसनीयतेचा गुणांक अमूर्त वाटतो. त्याला गुणांच्या भाषेत आणा. मापनाची प्रमाण चूक म्हणजे प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) गुणिले (१ वजा विश्वसनीयता) याचं वर्गमूळ. बुद्धिगुणांकाचं प्रमाण विचलन १५ धरलं आणि विश्वसनीयता ०.९१ असली तर ही चूक ४.५ गुणांची. म्हणजे १०० गुण मिळालेल्या माणसाचा पट्टा ९५ टक्के विश्वासपातळीवर साधारण ९१ ते १०९ असा धरावा लागतो. ०.९१ हा चांगला गुणांक समजला जातो, तरी एवढी रुंदी. ९८ आणि १०३ गुणांच्या दोन मुलांमध्ये फरक आहे असं ठामपणे सांगणाऱ्याने हा हिशेब एकदा करून पाहावा.

दुसरी किंमत सहसंबंधात चुकवावी लागते. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवलं की मोजमापातली चूक दोन चलांमधला संबंध दुबळा करून दाखवते. चिंता आणि एकाग्रता यांच्यातला खरा संबंध ०.५० असेल, एका मापनीची विश्वसनीयता ०.६४ आणि दुसरीची ०.८१ असेल, तर तुमच्या हाती येईल ०.५० × ०.८ × ०.९ = ०.३६. छोट्या नमुन्यात हा संबंध कदाचित सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोग नाही असं म्हणण्याजोगा, ठरणारही नाही, आणि तुम्ही ‘संबंध नाही’ असं लिहून मोकळे व्हाल. विश्वसनीयतेने वैधता सिद्ध होत नाही, पण ती कमी असेल तर वैधतेचा पुरावा मिळण्याची शक्यताच आकसते.

आणखी एक बारकावा. विश्वसनीयता मापनीची कायमची मालमत्ता नाही. ती त्या गटातल्या त्या गुणांची असते. लोक एकमेकांपासून फारसे वेगळे नसतील तर तीच मापनी कमी विश्वसनीय दिसते. स्ट्रूप प्रयोगात शब्दाचा अर्थ आणि शाईचा रंग जुळत नसला की जवळपास सगळेच मंदावतात. परिणाम पक्का आहे. पण सगळेच मंदावतात म्हणूनच माणसामाणसातला फरक टिपायला तो तितकासा भरवशाचा ठरत नाही, हे हेज आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं. म्हणून मूळ लेखातला अल्फा उतरवून घेऊ नका, आपल्या नमुन्यावर पुन्हा काढा.

पायरी ५: अर्थाचा पुरावा गोळा करा

संकल्पना वैधतेची कल्पना क्रॉनबाख आणि पॉल मील यांनी १९५५ मध्ये मांडली: संकल्पनेबद्दलचा सिद्धांत काय काय घडेल असं सांगतो ते आधी लिहा, मग गुण तसे वागतात का ते पाहा. चिंतेची मापनी खरी असेल तर परीक्षेच्या आदल्या दिवशी गुण सुट्टीतल्यापेक्षा जास्त यायला हवेत. दुसऱ्या मान्य चिंता-मापनीशी तिचा संबंध बळकट हवा, आणि वाचनाच्या वेगाशी अगदी कमी हवा.

हे शेवटचं, म्हणजे जिथे संबंध नसावा तिथे तो नाही हे दाखवणं, लोक विसरतात. कॅम्पबेल आणि फिस्क यांनी १९५९ मध्ये अभिसारी आणि विभेदक पुरावा एकत्र पाहायची पद्धत दिली: अनेक गुणधर्म, प्रत्येक अनेक पद्धतींनी मोजलेला. तिचा धडा छोट्या प्रकल्पातही लागू होतो. दोन्ही मापन्या स्वतःच भरायच्या प्रश्नावल्या असतील, तर त्यांच्यातल्या संबंधाचा काही भाग नुसता पद्धत सारखी असल्यामुळे येतो. शक्य असेल तर एक मोजमाप वेगळ्या वाटेने घ्या: शिक्षकांचं निरीक्षण, हृदयाचे ठोके, काहीही.

निकष वैधतेत गुणांची गाठ बाहेरच्या निकषाशी घालतात: त्याच वेळच्या निकषाशी घातली तर समवर्ती, पुढच्याशी घातली तर भविष्यसूचक. नैराश्याची चाळणी करणारी पीएचक्यू-९ घ्या. तिचे नऊ प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ० ते २७. २००१ च्या मूळ अभ्यासात १० किंवा जास्त गुण ही सीमा धरल्यावर ‘मेजर डिप्रेशन’ या निदानासाठी संवेदनशीलता (ते असलेल्यांपैकी किती जण सापडतात) आणि विशिष्टता (नसलेल्यांपैकी किती जण बरोबर वगळले जातात) दोन्ही ८८ टक्के आल्या. आता समजा १,००० जणांना ती दिली आणि त्यातल्या १०० जणांना खरोखर असं नैराश्य आहे. ८८ जण बरोबर सापडतील. उरलेल्या ९०० पैकी १०८ जणही सीमेवर किंवा तिच्या वर जातील. म्हणजे १० किंवा जास्त गुण मिळालेल्या १९६ पैकी निम्म्याहून कमी लोकांना ते नैराश्य आहे. ‘अधिक चौकशी करावी अशी व्यक्ती’ हा अर्थ इथे टिकतो, ‘नैराश्यग्रस्त’ हा टिकत नाही. आकडा तोच, पण एका दाव्याला आधार आहे आणि दुसऱ्याला नाही.

पायरी ६: अभ्यासाच्या रचनेची वैधता वेगळी तपासा

इथवर मापनाची वैधता झाली. कॅम्पबेल आणि स्टॅन्ली यांनी १९६३ मध्ये अंतर्गत आणि बाह्य वैधता असा फरक केला तो पूर्ण अभ्यासाबद्दल आहे. दिसलेला बदल खरंच तुमच्या उपायामुळे झाला का, हा अंतर्गत वैधतेचा प्रश्न. तो निष्कर्ष इतर लोकांना, इतर परिस्थितीत लागू पडतो का, हा बाह्य वैधतेचा.

अंतर्गत वैधतेच्या धोक्यांपैकी नवख्यांना सर्वात जास्त फसवतं ते सरासरीकडे परतणं. सरासरी ५० असलेल्या गटातून सर्वात चिंताग्रस्त विद्यार्थी निवडले आणि त्यांची सरासरी ७० आली. मापनीची विश्वसनीयता ०.७०. त्यांना कोणतीही मदत न करता पुन्हा मोजलं तरी अपेक्षित सरासरी ५० + ०.७० × २० = ६४. सहा गुणांची घट, आणि उपाय काहीच नाही! मधे एखादी कार्यशाळा घेतली असती तर तिचं यश म्हणून ही घट मिरवली असती. तुलनेसाठी यादृच्छिक रीतीने वेगळा केलेला दुसरा गट याचसाठी लागतो.

बाह्य वैधतेबद्दल जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांचा २०१० चा लेख नवख्यांनी जरूर वाचावा. मानसशास्त्रातले बरेच निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, श्रीमंत, लोकशाही समाजातल्या लोकांवरून आले आणि ते साऱ्या मानवजातीबद्दल असल्यासारखे मांडले गेले, हा त्यांचा आक्षेप आहे. २०१५ मध्ये १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहण्याचा मोठा प्रकल्प झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थ निकाल होता, पुनरावृत्तींपैकी ३६ टक्क्यांत आला. यामागे कारणं अनेक आहेत. छोटे नमुने आणि निवडक प्रसिद्धी तर आहेच, पण ढिलं मोजमापही त्यात हातभार लावतं.

पायरी ७: अहवालात नेमकं लिहा

‘मापनी विश्वसनीय आणि वैध आहे’ याऐवजी साधारण असं लिहा: ‘या नमुन्यात दहा विधानांच्या मापनीचा अल्फा अमुक आला. काळानुसार स्थैर्य तपासलेलं नाही. विधानांचा आशय तज्ज्ञांनी तपासला आणि काही विद्यार्थ्यांशी बोलून भाषा सुधारली. गुणांचा दुसऱ्या चिंता-मापनीशी संबंध अमुक, वाचनाच्या वेगाशी अमुक आढळला. गटांची तुलना करण्यापुरताच या गुणांचा वापर केला आहे, व्यक्तीच्या निदानासाठी नाही.’ अल्फासोबत त्याचा विश्वासांतर, म्हणजे खरा अल्फा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा, द्या. तीस-चाळीस जणांच्या नमुन्यात तो बराच रुंद निघेल, आणि वाचकाला ते कळायलाच हवं.

एखादं विधान गाळलं असेल तर कोणतं आणि का, ते सांगा. कोणती विधानं उलटी गुणली तेही नोंदवा, आणि नुसत्या बेरजा न ठेवता प्रत्येक विधानाची उत्तरं, नावं काढून टाकून, जपून ठेवा. पुढे कुणी तीच मापनी दुसऱ्या गटावर वापरायला घेईल, तेव्हा त्याला तुमचा हिशेब पहिल्यापासून तपासता येईल.